वाचकांचे प्रश्न : अमेरिकन संगीताचा हंगाम

मी अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठात नोकरी करते, तिथल्या ऑर्केस्ट्राने यंदाचा सप्टेंबर ते मे हा सगळा हंगाम अमेरिकन संगीताला दिला आहे. ४ जुलै २०२६ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २५० वर्षं होतात, हे निमित्त. गेल्या अंकात या उत्सवाचे चारही कार्यक्रम दिले होते : ऑक्टोबरात ड्वोर्झाक आणि फ्लॉरेन्स प्राइस, डिसेंबरात एरन कोपलंड, फेब्रुवारीत चार्ल्स आइव्ह्ज आणि जेनिफर हिग्डन, एप्रिलमध्ये गर्श्विन आणि बर्नस्टाइन. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेते.

मी ऑर्केस्ट्राची ग्रंथपाल आहे. वादकांसमोर स्टँडवर जे कागद असतात ते प्रकाशकाकडून भाड्याने आणायचे, तपासायचे, गज वर न्यायचा की खाली याच्या खुणा प्रत्येक प्रतीवर उतरवायच्या आणि कार्यक्रम झाला की मोजून परत पाठवायचे, हे माझं काम. त्यामुळे माझी उत्तरं त्या कागदांपासून सुरू होतात.

ताई, हंगाम अमेरिकन संगीताचा आणि सुरुवात ड्वोर्झाकपासून? तो तर बोहेमियाचा. अमेरिकेला स्वतःचा माणूस मिळाला नाही का? — एक वाचक, पुणे

हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनीही विचारला होता. न्यूयॉर्कमध्ये जीनेट थर्बर या बाईंनी नॅशनल कॉन्झर्व्हेटरी नावाची संगीतशाळा काढली होती. त्या काळात तिथे मुलींना आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश होता, हे विसरू नये. थर्बरबाईंनी १८९२ मध्ये ड्वोर्झाकना वर्षाला १५,००० डॉलर देऊन संचालक म्हणून बोलावलं. अमेरिकन संगीतकारांनी युरोपची नक्कल सोडून स्वतःचं काही उभं करावं, आणि त्यासाठी या नामवंत माणसाने वाट दाखवावी, अशी त्यांची इच्छा होती.

तिथे हॅरी बर्ली नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. त्याचे आजोबा एके काळी गुलाम होते. त्यांची दृष्टी गेलेली होती, पण गाणी सगळी तोंडपाठ होती. नातवाने ती त्यांच्याकडून घेतली आणि ड्वोर्झाकना त्यांच्या घरी जाऊन गाऊन दाखवली. १८९३ मध्ये ड्वोर्झाकनी वर्तमानपत्रातून जाहीरच सांगितलं की, या देशाचं पुढचं संगीत या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांवर उभं राहिलं पाहिजे. त्या काळी असं बोलणाऱ्यावर पुष्कळ लोक चिडले.

‘फ्रॉम द न्यू वर्ल्ड’ ही सिम्फनी १६ डिसेंबर १८९३ ला कार्नेगी हॉलमध्ये झाली. तिचे बरेच पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकाने वाजवायचे वेगवेगळे कागद, बर्लीने हाताने उतरवून काढले होते. मला स्वतःला या सगळ्या कथेत हाच भाग सर्वांत जवळचा वाटतो. आजोबांची गाणी ज्याच्या गळ्यातून त्या घरात पोचली, त्याच्याच हातची अक्षरं त्या रात्री काही वादकांसमोर होती. म्हणून माझ्या मते ड्वोर्झाक या हंगामात पाहुणा आहे, पण तो ज्या घरी पाहुणा आला ते घर बर्लीचं आहे.

जाता जाता एक दुरुस्ती. सिम्फनीच्या दुसऱ्या मूव्हमेंटमधली, म्हणजे दुसऱ्या भागातली, इंग्लिश हॉर्न या फुंकवाद्यावरची चाल हे जुनं कृष्णवर्णीय भजन आहे असं बरेच लोक मानतात. ती ड्वोर्झाकचीच आहे. ‘गोइंग होम’ हे शब्द त्यांच्या विद्यार्थ्याने, विल्यम आर्म्स फिशरने, १९२२ मध्ये तिला लावले.

फ्लॉरेन्स प्राइस हे नाव मी आयुष्यात प्रथमच वाचलं. माझं वाचन कमी की बाईंचं नाव मोठं नाही? — एक वाचिका, ठाणे

तुमचं वाचन कमी नाही. हे नाव आपल्यापर्यंत येऊ नये याला कारणं होती.

फ्लॉरेन्स प्राइस १८८७ मध्ये आर्कान्सॉ राज्यात लिटल रॉक इथे जन्मल्या. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकल्या. दक्षिणेतल्या वंशद्वेषी हिंसेला कंटाळून १९२७ मध्ये कुटुंबासह शिकागोला आल्या. १९३२ मध्ये त्यांच्या पहिल्या सिम्फनीला वॅनामेकर या संगीतरचनेच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि १५ जून १९३३ ला शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने ती वाजवली. मोठ्या ऑर्केस्ट्राने एका कृष्णवर्णीय स्त्रीची सिम्फनी वाजवण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ होती. नंतर त्यांनी बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे कंडक्टर, म्हणजे हाताच्या खुणांनी वादकांना चालवणारे, कुसेविट्स्की यांना पुन्हा पुन्हा पत्रं लिहिली. एका पत्रात आपण स्त्री आणि कृष्णवर्णीय आहोत, या दोन अडचणी सुरुवातीलाच सांगून टाकल्या आणि संगीत मात्र त्याच्या गुणांवर तपासा, अशी विनंती केली. कुसेविट्स्कींनी त्यांची एकही रचना वाजवली नाही. १९५३ मध्ये त्या गेल्या.

२००९ मध्ये इलिनॉय राज्यातल्या सेंट अ‍ॅन या गावी एका जोडप्याने पडकं घर विकत घेतलं. घरात कागदांचे ढीग होते. ते घर एके काळी प्राइसबाईंचं उन्हाळ्यात राहायचं घर होतं, आणि त्या कागदांत दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचना) आणि चौथी सिम्फनी निघाली. छप्पर आणखी काही पावसाळे गळलं असतं तर हे संगीत जगात राहिलं नसतं.

माझ्या कामात हा फरक हाताला कळतो. ड्वोर्झाकचे पार्ट आमच्या कपाटात कित्येक वर्षं आहेत. पेन्सिलीच्या खुणांवर खुणा, कडा मऊ पडलेल्या, कुणी कोपऱ्यात श्वासाची जागा दाखवलेली, कुणी कंडक्टरकडे बघायची आठवण म्हणून चष्म्याचं चित्र काढून ठेवलेलं. प्राइसचे पार्ट आले ते कोरे करकरीत. कुठे गज बदलायचा, कुठे ट्रम्पेटने दबून वाजवायचं, हे आधीच्या कुणी सांगून ठेवलेलंच नाही. आमच्या व्हायोलिनच्या मुलांनी ते ठरवलं आणि मी ते प्रत्येक स्टँडच्या प्रतीवर उतरवलं. पुढे ही सिम्फनी ज्या गावी वाजेल, तिथल्या वादकांना त्या खुणा मिळू शकतील. परत पाठवताना पेन्सिल खोडावी असा नियम असतो, पण त्या खुणांची प्रत आमच्या कपाटात ठेवायला आणि मागेल त्या ऑर्केस्ट्राला पाठवायला मी परवानगी मागून घेतली आहे.

ऐकायला याल तेव्हा प्राइसच्या पहिल्या सिम्फनीची तिसरी मूव्हमेंट सोडू नका. तिचं नाव ‘जुबा डान्स’. दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलामांना ढोल वाजवायला बंदी असे, म्हणून ते मांड्या, छाती, टाळ्या, पाय यांवर ताल धरत. त्याला जुबा म्हणत. प्राइसनी तो ताल व्हायोलिनांना दिला आहे. आणि कान उघडे ठेवलेत तर ड्वोर्झाकची सिम्फनी आणि ही, दोन्ही ई मायनर या एकाच स्वरपट्टीत आहेत हेही लक्षात येईल. मध्ये चाळीस वर्षं. ड्वोर्झाकनी जे भाकीत केलं ते खरं करणारी व्यक्ती शिकागोत बसली होती. हे दोन कागद एका संध्याकाळी शेजारी ठेवायचे, म्हणूनच हा कार्यक्रम पहिला.

मी जन्मभर रागसंगीत ऐकलं. मुलाकडे आलो की तो अशा मैफलींना नेतो. तबला नाही, तानपुरा नाही, साठ माणसं एकदम वाजवतात. लक्ष कुठे ठेवू? — एक सेवानिवृत्त वाचक, सध्या मुक्काम न्यू जर्सी

काका, तुम्ही तानपुरा नाही म्हणालात, तिथेच गोम आहे. आपल्याकडे षड्ज बसलेला असतो आणि बाकीचे स्वर त्याच्याभोवती हिंडतात. इथे षड्जच जागा बदलतो. म्हणून वरच्या चालीमागे धावू नका, खाली ऐका. उजव्या हाताला चेलो आणि त्यांच्या मागे डबल बास असतात. वरचा स्वर तोच राहून खालचा हलला, की वरचा स्वर वेगळ्याच रंगाचा वाटतो. एकदा का हे कानाला सापडलं, की साठ माणसांची गर्दी वाटत नाही.

सुरुवात ओळखीच्या जागेपासून करा. ड्वोर्झाकची ती इंग्लिश हॉर्नची चाल : ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. भूपाचे स्वर. घरी गुणगुणून पाहा. तिसऱ्या वळणाला निषाद येतो आणि भूप सुटतो. त्या क्षणी तुम्हाला काय वाटतं ते मला जरूर लिहा, कारण इथल्या श्रोत्यांना तो धक्का बसत नाही, तुम्हाला बसेल.

कोपलंडचं ‘अ‍ॅपलेशियन स्प्रिंग’ तुम्हाला त्याहून जवळचं वाटेल असा माझा अंदाज आहे. त्याच्या सुरुवातीला एकेक वाद्य थोडेच स्वर घेऊन येतं आणि तिथेच रेंगाळतं, आलापाची सवय असलेल्या कानाला ते घाईचं वाटत नाही. हे नृत्यासाठी लिहिलेलं संगीत. मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यासाठी ३० ऑक्टोबर १९४४ ला वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पहिल्यांदा झालं. तिथल्या सभागृहात वादकांना बसायला जागा एवढीशी, म्हणून मूळ रचना फक्त १३ वाद्यांची. मोठ्या ऑर्केस्ट्रासाठीची कोपलंडनी नंतर केली. नाव ग्रॅहमबाईंनी ठेवलं, तेही संगीत लिहून झाल्यावर. लोक कोपलंडना येऊन सांगत की तुमच्या संगीतात अ‍ॅपलेशियाचे डोंगर दिसतात, आणि त्यांनी तर लिहिताना त्या डोंगरांचा विचारही केला नव्हता.

शेवटाकडे क्लॅरिनेटवर एक साधी चाल येईल. ती ‘सिंपल गिफ्ट्स’, शेकर या ख्रिस्ती पंथाच्या जोझफ ब्रॅकेटने १८४८ मध्ये मेन राज्यात केलेली. पुढे ती अनेक रूपं घेते. व्हिओला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या आवाजाचं वाद्य) आणि ट्रॉम्बोन तीच चाल निम्म्या गतीने घेतात, तेव्हा डोळे मिटून घ्या. बढत आणि लय यांचा हिशेब तुमच्या कानाला आपोआप कळेल.

गर्श्विनमध्ये एक वेगळी गंमत आहे. ब्लूज गाणारे गंधार लावतात तो ना धड कोमल ना धड शुद्ध, मधल्या जागेवरचा. पियानोच्या पट्ट्यांत ती जागाच नाही. म्हणून गर्श्विन कोमल आणि शुद्ध जवळजवळ ठेवून ती जागा सूचित करतात.

मूव्हमेंट संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या आणि सून शरमली. — एक वाचिका, नागपूर

टाळ्या वाजवल्यात याचं वाईट वाटून घेऊ नका. हल्लीचा रिवाज सगळी रचना संपेपर्यंत थांबायचा आहे. कंडक्टरचे हात खाली आले की वाजवाव्यात. पण १८९३ च्या त्या डिसेंबरात कार्नेगी हॉलमध्ये दुसऱ्या मूव्हमेंटनंतर लोकांनी इतक्या टाळ्या दिल्या की ड्वोर्झाकना उभं राहून नमस्कार करावा लागला. सुनेला हे सांगा. आणि एप्रिलमध्ये बर्नस्टाइनचे ‘सिंफनिक डान्सेस’ ऐकायला दोघी मिळून या, त्यात वादक स्वतःच वाजवता वाजवता ‘माम्बो!’ असं ओरडतात. तसं स्वरलिपीतच लिहिलेलं आहे.

माझी मुलगी तिकडे जीवशास्त्र शिकते आणि विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्रात व्हिओला वाजवते. आठवड्यात दोन संध्याकाळी तालीम, परीक्षेच्या तोंडावर कार्यक्रम. तिने हे सोडावं असं मला वाटतं, ती ऐकत नाही. तुम्ही सांगाल का? — एक आई, नाशिक

ताई, मी तिला सोड असं सांगणार नाही. पण तुमची काळजी खरी आहे, म्हणून आधी व्यवहाराचं बोलते. सत्राच्या पहिल्या आठवड्यात ऑर्केस्ट्राचं वेळापत्रक मिळतं. त्यातल्या कार्यक्रमाच्या तारखा आणि परीक्षांच्या तारखा तिने शेजारी मांडाव्यात आणि टक्कर दिसली तर त्याच आठवड्यात कंडक्टरना सांगावं. आधी सांगितलेली अडचण बहुतेक कंडक्टर समजून घेतात, आदल्या दिवशीची घेत नाहीत. आमच्या ऑर्केस्ट्रात निम्म्याहून जास्त मुलं संगीताची पदवी घेत नाहीत. अभियांत्रिकी, रसायन, परिचर्या, असली मुलं आहेत. फेब्रुवारीच्या कार्यक्रमात ती ज्याचं संगीत वाजवणार आहेत, तो चार्ल्स आइव्ह्ज त्यांच्यातलाच.

आइव्ह्ज येल विद्यापीठात शिकला आणि मग विम्याच्या धंद्यात शिरला. ‘आइव्ह्ज अँड मायरिक’ ही त्याची न्यूयॉर्कमधली कंपनी चांगली भरभराटीला आली. संगीत तो रात्री आणि सुटीच्या दिवशी लिहायचा. ‘द अनआन्सर्ड क्वेश्चन’ त्याने १९०८ मध्ये लिहिलं. त्यात तंतुवाद्यं पडद्याआड, अगदी हळू वाजत राहतात. ट्रम्पेट एकच प्रश्न सात वेळा विचारतो. बासऱ्या सहा वेळा उत्तर द्यायचा प्रयत्न करतात आणि दर वेळी जास्त चिडतात. सातव्या वेळी उत्तर येत नाही. हे संगीत ३८ वर्षं पडून होतं. १९४६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ते पहिल्यांदा वाजलं, आणि ते वाजवलं कुणी, तर जुलिअर्ड या संगीतशाळेच्या विद्यार्थ्यांनी. दुसऱ्याच वर्षी आइव्ह्जना तिसऱ्या सिम्फनीसाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं.

विद्यार्थ्यांच्या ऑर्केस्ट्राची खरी ताकद इथे आहे. व्यावसायिक ऑर्केस्ट्राला तिकिटं खपवावी लागतात, अनोळखी नाव लावलं की खुर्च्या रिकाम्या राहतात ही त्यांची भीती रास्त आहे. विद्यापीठात तालमीला आठवडे मिळतात आणि तिकीट एक तर नाममात्र असतं नाही तर नसतंच. ज्यांना मोठ्या सभागृहांनी बाहेर ठेवलं त्यांना आत आणणं इथे परवडतं. त्याच कार्यक्रमातली हिग्डन यांची ‘ब्लू कथीड्रल’ ही रचनाही फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीतशाळेच्या ७५ व्या वर्धापनासाठी लिहिलेली आणि २००० मध्ये तिथल्याच विद्यार्थ्यांनी प्रथम वाजवलेली. हिग्डननी ती लिहिली तेव्हा त्यांचा भाऊ नुकताच गेला होता. तो क्लॅरिनेट वाजवायचा, त्या स्वतः बासरी, आणि रचनेत ही दोन वाद्यं एकमेकांशी बोलतात.

तुमची मुलगी हे सगळं आतून ऐकते आहे. व्हिओलाची माणसं मधोमध बसतात. वरची चाल आणि खालचा आधार, दोन्ही त्यांच्याच कानावर पडतं. एका कार्यक्रमाचं चित्रीकरण तिच्याकडून मागवा आणि तुम्ही दोघी मिळून पाहा. त्यानंतरही तिने सोडावं असं वाटलं, तर तो तुमचा आणि तिचा निर्णय.

‘उत्सव’ हा शब्द मला खटकला. ज्या देशाने आपल्याच कलावंतांना दारात उभं केलं नाही, त्याचा उत्सव कसला? शिवाय मूळनिवासींचं संगीत तुमच्या यादीत दिसत नाही. — एक वाचक, कोल्हापूर

तुमचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. यादीत ते नाही, आणि ही उणीव आहे. चिकासॉ या मूळनिवासी राष्ट्राचे संगीतकार जेरॉड टेट आज मोठ्या ऑर्केस्ट्रांसाठी लिहितात. त्यांचं नाव मी पुढच्या हंगामासाठी लेखी सुचवलं आहे.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी वेगळा विचार करते. १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलच्या मालक संस्थेने गायिका मरियन अँडरसन यांना त्या कृष्णवर्णीय म्हणून गाऊ दिलं नाही. ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर ७५,००० माणसांसमोर गायल्या. त्या दिवशी त्यांनी जी भजनं गायली त्यांतलं एक फ्लॉरेन्स प्राइस यांनी बांधलेलं होतं. कोपलंडचं बघा. ‘लिंकन पोर्ट्रेट’ लिहिणाऱ्या या माणसाचं तेच संगीत जानेवारी १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या मैफलीतून काढून टाकलं, कारण एका काँग्रेस सदस्याला त्यांच्या राजकीय मतांचा संशय आला. त्याच वर्षी कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या सिनेटर मॅकार्थींच्या समितीने त्यांना चौकशीला बोलावलं. १९६४ मध्ये त्याच देशाने त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा मोठा नागरी सन्मान दिला. डिसेंबरच्या कार्यक्रमपत्रिकेत या दोन्ही गोष्टी छापल्या जाणार आहेत, त्याचा मजकूर मीच लिहिते आहे. उत्सव या लोकांचा आहे. तो करायचा तर त्यांच्यावर काय गुदरलं ते सांगूनच करावा लागतो, आणि मला तो मनापासून करावासा वाटतो.

मी चौदा वर्षांचा आहे, क्लॅरिनेट शिकतो. ‘रॅप्सडी इन ब्लू’च्या सुरुवातीची ती वर चढत जाणारी ओरड कशी काढतात? — एक विद्यार्थी, टेक्सस

तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला. गर्श्विनने तिथे आधी सरळ वर जाणारी सप्तकाची धाव लिहिली होती. १२ फेब्रुवारी १९२४ च्या न्यूयॉर्कमधल्या पहिल्या कार्यक्रमाआधी तालमीत रॉस गॉर्मन या वादकाने ती थट्टेने ओढून, घसरवत वाजवली. गर्श्विनला ती इतकी आवडली की त्याने तशीच ठेवायला सांगितली. त्या दिवशी पियानोचा काही भाग तर कागदावर उतरलाही नव्हता. गर्श्विनने तो वाजवत वाजवत नेला, आणि ऑर्केस्ट्राने पुन्हा कधी शिरायचं ते त्याने मान हलवून सांगायचं ठरलं होतं.

आता कृती. आमच्या क्लॅरिनेटच्या मुलीला विचारून लिहिते. खालचा अर्धा भाग साधा जलद वाजव, घसरायचं फक्त वरच्या अर्ध्यात. तिथे बोटं उचलू नकोस, भोकांवरून बाजूला सरकव, एकामागून एक, सलग. त्याच वेळी ओठांची पकड थोडी सैल कर आणि जिभेचा मागचा भाग खाली ने, जणू आवाज खाली ओढतो आहेस. वर जाताना तो भाग हळूहळू पूर्वीच्या जागी येऊ दे. पहिल्यांदा एकदम पूर्ण चढण घेऊ नकोस, वरचे दोनच स्वर जोडून पाहा, मग तीन. फार कडक रीड असेल तर हे जमत नाही, एक पायरी मऊ घे. श्वास मात्र शेवटपर्यंत जोरदार हवा, नाही तर मध्येच आवाज तुटतो. ओठ दुखायला लागले की त्या दिवसापुरतं थांब, आणि तुझ्या शिक्षकांना आधी विचार.